मतपत्रिकेवर न आलेली अमेरिका

न्यूफाउंडलंड १९४९ साली कॅनडात सामील झाले, एवढीच नोंद इतिहासाची पुस्तके करतात. या बेटापुढे आणखी एक वाट होती. तिचा माग काढायचा तर १८९० पर्यंत मागे जावे लागते.

कॅनडाच्या संघराज्यात जायला बेटाने १८६९ च्या निवडणुकीतच नकार दिला होता. १८९० मध्ये रॉबर्ट बाँड वॉशिंग्टनला गेले आणि परराष्ट्रमंत्री ब्लेन यांच्याशी कराराचा मसुदा ठरवून आले: अमेरिकी मच्छीमारांना इथे गळाचे आमिष मिळेल, बेटाच्या मासळीला अमेरिकेची बाजारपेठ. कॅनडाने हरकत घेतली, लंडनने करार गुंडाळून ठेवला. बाँड पुढे पंतप्रधान झाले. १९०२ मध्ये त्यांनी पुन्हा करार केला, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या मच्छीमारांची बाजू घेऊन सिनेटर लॉज यांनी तो हाणून पाडला. म्हणजे अमेरिकेची वाट एकदा कॅनडाने अडवली आणि एकदा खुद्द अमेरिकेने!

मग पहिल्या महायुद्धाचे आणि रेल्वेचे कर्ज, त्यावर मंदी. १९३४ मध्ये या देशाने स्वराज्यच लंडनच्या हवाली केले आणि नेमलेले आयोग-सरकार आले. मतदारांना विचारले नाही, हे सांगायला नकोच.

अमेरिका परत आली ती दुसऱ्या महायुद्धात, तळ घेऊन. अर्जेंशिया, स्टीफनव्हिल, सेंट जॉन्स, भाडेपट्टा ९९ वर्षांचा. व्यापाऱ्याकडून जाळी-मीठ उधार घ्यायचे आणि हंगामाअखेर मासळी त्यालाच घालायची, या चक्रात पिढ्या घालवलेल्या घरांत तळांवरच्या कामाचे रोख पैसे आले. अमेरिकेचे आकर्षण तिच्या राज्यघटनेपेक्षा या पगाराचे होते, असे मला वाटते.

युद्धानंतर भवितव्य ठरवायला निवडलेल्या राष्ट्रीय परिषदेने लंडनला आणि ओटावाला शिष्टमंडळे पाठवली. वॉशिंग्टनला एकही गेले नाही. परिषदेने कॅनडाचा पर्यायही २९ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला होता. पण जोई स्मॉलवुड यांनी सुमारे ५०,००० नावे जमवली आणि लंडनने तो सार्वमताच्या मतपत्रिकेवर घातला. चेस्ली क्रॉस्बी यांच्या पक्षाला अमेरिकेशी आर्थिक एकीकरण हवे होते. त्यांच्या समर्थकांना मात्र ‘जबाबदार राज्यपद्धती’वर शिक्का मारावा लागला: आधी स्वराज्य, मग वॉशिंग्टनशी बोलणी. स्मॉलवुड कॅनडात मुलांमागे दरमहा मिळणाऱ्या भत्त्याचा हिशेब घरोघर मांडत होते. त्या हिशेबापुढे दोन पायऱ्यांचे आश्वासन लंगडेच होते.

तरी ३ जूनच्या सार्वमतात जबाबदार राज्यपद्धतीच पुढे होती, ४४.६ टक्क्यांनी. कॅनडाला ४१.१ टक्के. बहुमत कुणालाच नाही, म्हणून २२ जुलैला फेरमतदान झाले आणि कॅनडा ५२.३ टक्क्यांनी जिंकला. फरक ७,००० मतांच्याही आत होता. विलीनीकरणानंतरही अमेरिकेचे तळ कायम राहिले. अर्जेंशियाचा नौदल तळ बंद व्हायला १९९४ उजाडले.