भाव, किंमत आणि खर्च : हिंदुस्थान सरकारच्या भांडार-खरेदीतील एक अध्याय

भाव, किंमत व खर्च हे तीन शब्द मराठी बोलण्यात पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. हिशेबात मात्र त्यांचे अर्थ निराळे ठेवावे लागतात. विक्रेता सांगतो तो भाव. व्यवहार ठरल्यावर मोजली जाते ती किंमत. आणि माल मागविणे, वाहून आणणे, तपासणे, साठविणे व तो वेळेवर न आल्यास काम अडून राहणे या सर्वांची बेरीज म्हणजे खर्च. उद्योगसंस्थांना खरेदीविषयी सल्ला देण्याचा आजचा व्यवसाय याच भेदावर उभा आहे. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात खरेदीच्या मालाची वर्गवारी दोन कसोट्यांवर करावी असे सुचविले : नफ्यावर होणारा परिणाम आणि पुरवठ्यातील धोका. यांपैकी दुसऱ्या कसोटीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे हिंदुस्थान सरकारच्या भांडार-खरेदीच्या, विशेषतः रेल्वेच्या रुळांच्या, इतिहासावरून स्पष्ट होते.

१८५८ साली कंपनीचे राज्य संपल्यावर येथील सरकारी खात्यांना लागणाऱ्या विलायती मालाची खरेदी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे गेली. खात्यांनी मागणीपत्रके धाडावीत, लंडनने निविदा मागवून माल घ्यावा व तो जहाजाने रवाना करावा, अशी ही पद्धती होती. एकवटलेल्या खरेदीचे लाभ तीत होते, हे नाकारता येत नाही. मोठ्या मागणीमुळे भाव उतरत आणि तपासणी एकाच ठिकाणी होई. परंतु मालाचे विनिर्देशही तेथेच ठरत. सर अलेक्झांडर रेंडेल यांच्यासारखे सल्लागार अभियंते इंडिया ऑफिसला रेल्वेच्या साहित्याविषयी मार्गदर्शन करीत. ज्याच्या हाती विनिर्देश असतो, त्याच्याच हाती बऱ्याच अंशी विक्रेत्याची निवडही असते. ब्रिटिश कारखान्यांना परिचित असलेली मापे व कसोट्या ज्या मागणीत आहेत, तिची निविदा सर्वांस खुली असली तरी तिचा निकाल पुष्कळसा आधीच लागलेला असतो.

या व्यवस्थेवरील आक्षेप दोन दिशांनी आला. दादाभाई नौरोजी यांनी लंडनमध्ये होणाऱ्या खर्चाचा विचार संपत्तीच्या अपवाहाच्या संदर्भात केला. देशात खर्च झालेला रुपया मजुरी व कर यांच्या रूपाने देशातच फिरतो. परदेशी गेलेला रुपया तसा फिरत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० नंतर पुण्याच्या औद्योगिक परिषदेच्या व्यासपीठावरून उद्योगवाढीचा प्रश्न मांडला आणि लोखंडाच्या धंद्यातील आरंभीच्या प्रयत्नांची चिकित्सा केली. सरकार हे केवळ राज्यकर्ते नसून देशातील एक मोठे गिऱ्हाईकही आहे, ही जाणीव त्या काळच्या या चर्चेतून दृढ होत गेली.

या जाणिवेची व्यावहारिक परीक्षा टाटांच्या पोलाद-योजनेत झाली. ‘टाटा आयर्न अँड स्टील कंपनी’ १९०७ साली मुंबईत स्थापन झाली. दर वर्षी २०,००० टन पोलादी रूळ याप्रमाणे दहा वर्षे खरेदी करण्याचे सरकारने मान्य केले; रूळ विनिर्देशास उतरले पाहिजेत आणि किंमत आयात रुळांइतकी असावी, एवढीच अट होती. या कराराचे स्वरूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्यात किमतीची सवलत नव्हती. सरकारने दिली ती मागणीची निश्चिती, आणि त्या बदल्यात जादा पैसा न मोजता त्यास पुरवठ्याचा दुसरा मार्ग मिळाला. साकची येथील कारखान्यात १९१२ साली पोलाद तयार होऊ लागले.

दोनच वर्षांत महायुद्ध पेटले. जहाजे अपुरी पडली व ब्रिटनचे कारखाने युद्धसामग्रीत गुंतले. लंडनचा स्वस्त भाव कागदावर कसाही असला, तरी माल बंदरात येईना. अशा वेळी साकचीचे रूळ मेसोपोटेमियासारख्या दूरच्या आघाड्यांवर गेले, आणि तेही बाजारभावाहून कमी दराने. १९१९ च्या आरंभी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीस जमशेदपूर हे नाव दिले. या समारंभामागे मोठा हिशेब होता : १९०७ च्या सुमाराचे आश्वासन नसते, तर युद्धकाळात किती काम अडले असते, याचा.

सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने १९१८ च्या अहवालात देशांतर्गत खरेदीसाठी स्वतंत्र संघटनेची आवश्यकता प्रतिपादिली. त्यानुसार १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट अस्तित्वात आले. पुढे १९३१ च्या नियमांनी निविदा हिंदुस्थानात व रुपयांत मागविण्याचे तत्त्व रूढ केले. निर्णयाची जागा आणि हिशेबाचे चलन, दोन्ही बदलली.

तथापि या कथेला एक उणी बाजू आहे. युद्धोत्तर काळात परदेशी पोलाद स्वस्त झाले, उत्पादनखर्च मात्र वाढलेलाच राहिला आणि १९२४ साली संरक्षक कायदा करावा लागला. खात्रीची मागणी मिळाल्याने पुरवठादार जन्मास येतो, परंतु तेवढ्याने तो टिकतोच असे नाही. शिवाय संरक्षणाचा भार अखेरीस ग्राहकावर व करदात्यावर पडतो. म्हणून देशी खरेदी नेहमीच शहाणपणाची, असा निष्कर्ष या इतिहासातून काढणे योग्य ठरणार नाही.

निष्कर्ष निघतो तो अधिक मर्यादित आहे. खरेदीतील काटकसर मोजताना आधी वही कोणाची हे ठरवावे लागते. लंडनच्या वहीत किंमत लिहिली जात होती. न आलेल्या जहाजाचा व न उभारलेल्या कारखान्याचा खर्च तीत लिहिण्यास रकानाच नव्हता. तो खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत साचत राहिला.