हजारात एक
नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत नटालिझुमॅबला मंजुरी मिळाली, ती दोन वर्षांच्या चाचण्यांचं पहिल्याच वर्षाचं फलित पाहून. ही घाई होती, आणि ती अंगाशी आली. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपल्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदूतल्या चेतातंतूंचं आवरण कुरतडतात. हे औषध त्यांना मेंदूच्या वेशीवरच अडवतं. पण मग आत पहारा उरत नाही, आणि अनेकांच्या शरीरात निमूट पडून असलेला जेसी विषाणू मेंदू पोखरू शकतो. असे तीन रुग्ण सापडले. पहिले दोन कळताच, फेब्रुवारी 2005 मध्ये, विक्री थांबली होती.

मार्च 2006 मध्ये, अमेरिकी औषध नियामकांच्या सुनावणीत, रुग्णांनीच औषध परत मागितलं. अगतिक माणसाची संमती ही संमतीच नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे. पण निर्णय नुसत्या विनवण्यांवर झाला नाही. तीन हजारांहून अधिक जणांना तपासून, सरासरी दीड वर्षाच्या उपचारात हजारात सुमारे एक, असा धोका काढला गेला होता. दुसऱ्या पारड्यात झटके दोन-तृतीयांशांनी घटल्याचा पुरावा होता. जूनमध्ये औषध परतलं, ते प्रत्येक रुग्णाची नोंद आणि दर वेळी शिरेतून देण्याआधी ठरावीक प्रश्न विचारण्याच्या अटीवर. याच सक्तीच्या नोंदींमुळे धोका कुणाला जास्त, हे पुढे उमगत गेलं. तो आधीच ओळखणारी रक्तचाचणी 2012 मध्ये आली.