सॅम स्पेडचें बोलणें

गुप्तहेरकथांतील नायक कोणाशीं आणि कशासाठीं बोलतो, एवढें पाहिलें तरी त्या वाङ्मयाचा इतिहास बराचसा उलगडतो. १८४१ सालीं एडगर पो यानें निर्माण केलेला द्युपाँ बोलूं लागला कीं तें व्याख्यानच होई. १८८७ सालीं अवतरलेला शेरलॉक होम्स याहून पुष्कळ चटकदार बोलतो. पण त्याच्या शेजारीं डॉक्टर वॉटसन बसलेला असतो, आणि होम्स किती बुद्धिमान व किती विक्षिप्त आहे, हें आपणांस सांगतो तो वॉटसन.

श्रोतेहो, हा सांगणाराच काढून टाकला तर? अमेरिकेंत डॅशिएल हॅमेट यानें तें धाडस केलें. हा गृहस्थ १९१५ सालीं पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेंत नोकरीस लागला होता. लोकांवर पाळत ठेवण्याचें काम त्यानें पोटासाठीं केलेलें. ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त मासिकांतून क्रमशः येऊन १९३० सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या त्याच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’ या कादंबरींत सॅम स्पेड काय करतो आणि काय बोलतो, तेवढेंच दिसतें. त्याच्या मनांत काय चाललें आहे, याविषयीं लेखक मौन पाळतो.

रात्रीं टेलिफोन वाजतो. भागीदाराचा खून झाला आहे. आपणांस ऐकूं येतात तीं केवळ स्पेडचीं तुटक उत्तरें. मग तो सावकाश सिगारेट वळीत बसतो. पुढें लवकरच भागीदाराचें नांव पाटीवरून काढण्यास सांगतो. याला पाषाणहृदयी म्हणावें, कीं दुःख गिळणारा? पोलिसांशीं त्याची जीभ उद्दाम, सेक्रेटरीशीं लाडिक. लठ्ठ गटमनसमोर तो संतापाचा स्फोट करून निघून जातो, आणि लिफ्टमध्यें आपलाच हात थरथरतांना पाहून हंसतो. तें सोंग होतें कीं खरा राग, हें हॅमेट सांगत नाहीं.

शेवटीं मात्र हा तुटक बोलणारा मनुष्य लांबलचक बोलतो. ज्या स्त्रीवर त्याचें कदाचित् प्रेम आहे, तिनेंच तो खून केलेला. तिला पोलिसांच्या हवालीं कां करणार, याचीं कारणें तो तिच्यापुढें एकामागून एक मोजतो. एक कारण पुरलें असतें, तर इतकीं मोजण्याची पाळी आली नसती, असें मला वाटतें. त्याची व्यथा त्या मोजणींतच कळते.

१९३९ सालीं कादंबरींत आलेल्या रेमंड चँडलरच्या फिलिप मार्लोचीं वाक्यें अधिक झगझगीत आहेत, यांत शंका नाहीं. पण मार्लो आपली कथा आपणच सांगतो. टोमण्यामागील खिन्नताही वाचकाला आयती मिळते. मागून आलेल्या अनुकरणकर्त्यांनीं तर झगझगाट तेवढा उचलला.

१९५१ सालीं हॅमेट स्वतः न्यायालयांत उभा राहिला. नागरी हक्कांसाठीं झटणाऱ्या एका संस्थेच्या जामीन-निधीचा तो विश्वस्त होता, आणि त्या निधीला पैसे देणाऱ्यांचीं नांवें न्यायालयाला हवीं होतीं. प्रश्नामागून प्रश्न झाले. त्यानें उत्तर दिलें नाहीं, आणि तो तुरुंगांत गेला.