मनाची मोजपट्टी : नैराश्याच्या स्वयंचाचणीचा इतिहास

१/
गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का? झोप उडाली आहे का? आज मोबाइलवर दोन मिनिटांत भरल्या जाणाऱ्या या प्रश्नावलीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्याचा आरंभ होतो रणभूमीपाशी.

२/
१९१७. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तोफांच्या भडिमारात सैनिकांची मने कोलमडतात, हे युरोपातील आघाड्यांवर दिसून आले होते. प्रत्येक नव्या सैनिकाची मुलाखत घेण्याइतके मनोविकारतज्ज्ञ मात्र नव्हते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी 'हो-नाही' उत्तरांची छापील प्रश्नावली रचली. ती सर्रास वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले. कल्पना मात्र रुजली.

३/
१९६० मध्ये मॅक्स हॅमिल्टन यांनी ब्रिटनमध्ये नैराश्याची श्रेणी प्रसिद्ध केली. परंतु ती डॉक्टरांनी भरायची होती. दुःख रुग्णाचे, गुण डॉक्टरांचे!

४/
पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी २१ विधानसंचांची सूची मांडली. विधाने रुग्णांच्या बोलण्यातूनच वेचलेली होती. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हा फ्रॉइडप्रणीत विचार तेव्हा प्रबळ होता. बेक यांनी रुग्ण स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी काय म्हणतो, याला महत्त्व दिले. १९६५ मध्ये विल्यम झुंग यांनी रुग्णाने स्वतःच भरावयाची २० वाक्यांची श्रेणी सादर केली.

५/
आज सर्वाधिक परिचित असलेली 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोन्के यांची. तिचा सविस्तर अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ लक्षणे, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा वा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक मानली जाते. तिच्या निर्मितीला फायझर या औषध कंपनीचे अर्थसाहाय्य होते, आणि ही कंपनी नैराश्यावरील औषधही विकत होती. प्रश्नावली सर्वांसाठी विनामूल्य राहिली, हेही तितकेच खरे.

६/
या कथेचा एक धागा गोव्यात येतो. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच प्रश्नावलीने तीव्र नैराश्याचे रुग्ण ओळखले गेले आणि प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक, बिगर-डॉक्टर समुपदेशकांनी त्यांच्याशी संवाद साधला. त्याचा लाभ झाल्याचे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. वुडवर्थ यांच्यापुढील अडचणच येथे होती : माणसे अनेक, तज्ज्ञ मोजके. फरक इतकाच की तेथे कागद माणसाला वगळण्यासाठी होता. येथे त्याला जवळ घेण्यासाठी.

७/
म्हणून गुणांचा अर्थ नीट समजून घ्यावा. ही चाळणी आहे, निदान नव्हे. थायरॉइडचा विकार किंवा ताजा वियोगही गुण वाढवू शकतो. आणि गुण कमी आले म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

८/
नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी आहे. तेथे शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरीज करीत बसू नये. त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. भारत सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे.