सिलिंडरमधला ऑक्सिजन किती वेळ पुरेल? असं करा गणित

घरात कुणी ऑक्सिजनवर असेल, तर हे गणित माहीत हवंच.

आदर्श वायू समीकरण सांगतं: दाब × आकारमान = मोलसंख्या × वायू स्थिरांक × तापमान (केल्विनमध्ये). यातली एक राशी माहीत नसेल, तर बाकीच्यांवरून ती काढता येते. वायू तेवढाच आणि तापमान तेच असेल, तर दाब आणि आकारमानाचा गुणाकार बदलत नाही.

समजा, सिलिंडर १० लिटरचा आहे आणि काटा ५० बार दाखवतोय. बाहेर हवेचा दाब साधारण १ बार असतो. म्हणजे १० × ५० = सुमारे ५०० लिटर ऑक्सिजन मिळेल. मिनिटाला ५ लिटर लागत असेल, तर तो १०० मिनिटं पुरेल.

मात्र काटा शून्यावर येण्याची वाट पाहू नका. दुसरा सिलिंडर त्याआधीच तयार ठेवा.