प्रात्यक्षिक आणि तार : जाळं नसलेल्या सभागृहाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इंटरनेटची काय पंचाईत? पण आम्ही निवृत्त झाल्यापासून चार-पाच समवयस्क मिळून शाळाशाळांतून आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो. दुर्बीण, लॅपटॉप, प्रोजेक्टर, पांढरी चादर असा आमचा संसार. त्यातल्या एका फजितीने आम्हाला या विषयाकडे ढकलले. ती आधी सांगतो, म्हणजे पुढच्या इतिहासाचे प्रयोजन कळेल.

सह्याद्रीच्या पायथ्याची एक शाळा. हिवाळ्याचे दिवस, पण नेमके त्या संध्याकाळी अवकाळी ढग आले. दुर्बीण निरुपयोगी. म्हटले, हरकत नाही, संगणकावर आकाश दाखवू. आमच्याकडे जे हौशी सॉफ्टवेअर होते ते आकाशाची छायाचित्रे इंटरनेटवरून ओढून आणणारे. पत्र्याच्या सभागृहात मोबाईलला रेंज नाही. रेंज फक्त मैदानाच्या टोकाला चिंचेखाली. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे झेप घेतली आणि पडद्यावर आले काय, तर राखाडी चौकोन! दीडशे मुले गप्प. तेवढ्यात आमच्या एका सहकाऱ्याने घरी करून ठेवलेले पडद्याचे चित्रीकरण सुरू केले. तेजोमेघ फुलला, टाळ्या पडल्या.

आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, हे आत्ता चाललंय का?’ आम्ही म्हणालो, ‘हो.’ ती म्हणाली, ‘मग कोपऱ्यातल्या घड्याळात दहा वीस का झालेत? आत्ता तर पावणेआठ वाजलेत.’

आम्ही हसलो आणि विषय बदलला. त्या हसण्याचे आम्हाला आजही वाईट वाटते. जन्मभर वर्गात प्रमाणशास्त्र शिकवले आणि आठवीतल्या मुलीने प्रमाण मागितले तेव्हा हसून वेळ मारून नेली.

आता ‘प्रात्यक्षिक’ हा शब्दच बघा. त्यात ‘प्रत्यक्ष’ आहे. न्यायदर्शनात चार प्रमाणे सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन होणारे ज्ञान ते प्रत्यक्ष. विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून होणारे ते शब्दप्रमाण. दोन्ही ज्ञानच आहेत. चित्रीकरण दाखवून ‘हे आम्ही काल पाहिले, विश्वास ठेवा’ म्हणणे हे शब्दप्रमाण झाले, त्यात काही वावगे नाही. पण शब्द दाखवायचा आणि प्रत्यक्ष म्हणून खपवायचा, इथे घोटाळा होतो. आमचा झाला तो हाच. आपल्याकडे म्हणतात, हातच्या काकणाला आरसा कशाला? खरे आहे. पण काकण हातात नसून पन्नास कोसांवर असेल आणि आपण फक्त आरसा दाखवत असू, तर? मग आरसा कुठे धरलाय हे सांगावे लागते.

हा प्रश्न इंटरनेटइतका नवा नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ४ जून १९०३ रोजी जॉन अँब्रोज फ्लेमिंग हे मार्कोनींच्या बिनतारी संदेशाचे प्रात्यक्षिक देत होते. संदेश येणार होता कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून, सुमारे ३०० मैलांवरून. ठरलेला संदेश येण्याआधीच यंत्र टकटक करू लागले आणि ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा उमटला. मागोमाग मार्कोनींची टिंगल करणाऱ्या ओळी आल्या. जवळच कुठेतरी नेव्हिल मास्केलाइन नावाचा जादूगार स्वतःचे यंत्र घेऊन बसला होता. फ्लेमिंग संतापले, त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहिले. मास्केलाइनने उघडपणे कबूल केले की हे मीच केले, आणि का केले तेही सांगितले. बिनतारी संदेशात कुणाला ढवळाढवळ करता येत नाही, हा दावा खोटा आहे हे त्याला दाखवायचे होते. गंमत बघा. त्या संध्याकाळी खरे प्रात्यक्षिक कुणी दिले? फ्लेमिंगनी की जादूगाराने?

पुढचा टप्पा सॅन फ्रान्सिस्कोतला, ९ डिसेंबर १९६८. डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे हजार संगणकतज्ज्ञांसमोर नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले. माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर, दोन ठिकाणी बसून एकाच कागदावर काम करणे, हे सगळे त्यात होते. संगणक मात्र सभागृहात नव्हताच. तो ३० मैलांवर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी चित्रासाठी मायक्रोवेव्हचे दोन दुवे उभारले आणि कळफलकाचे संकेत परत पाठवायला टेलिफोनची भाड्याची तार घेतली, वेग १२०० बॉड. म्हणजे आजच्या हिशेबात गोगलगाय. ही सगळी जुळणी फक्त त्या दीड तासासाठी होती. तार तुटली असती तर? पण एक गोष्ट लक्षात घ्या. एंगेलबार्ट यांनी तार लपवली नाही. पडद्याच्या एका भागात मेन्लो पार्कमधला सहकारी दिसत होता, त्याच्याशी ते बोलत होते. अंतर हाच त्या प्रात्यक्षिकाचा विषय होता.

चार वर्षांनी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलात अर्पानेट प्रथमच मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर मांडले गेले. रॉबर्ट कान यांनी पुढाकार घेतला. जाळ्याचे यंत्रच हॉटेलात आणून बसवले, भोवती टर्मिनले मांडली आणि लोकांना म्हटले, बसा, स्वतः वापरून बघा. तेव्हाचे तरुण विद्यार्थी रॉबर्ट मेटकाफ यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. टेलिफोन कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना ते प्रात्यक्षिक देत असताना यंत्र बंद पडले. अधिकारी हसले. अशा तुकड्या-तुकड्यांनी माहिती पाठवण्यावर त्यांचा आधीच विश्वास नव्हता. त्यांना हवे ते दिसले. पण एका यंत्राच्या बंद पडण्यावरून त्यांनी काढलेले अनुमान चुकीचे ठरले, हे आज आपण जाणतो.

आता हौशी मंडळींकडे वळू. मार्च १९७५, पुन्हा तेच मेन्लो पार्क. एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. त्याच वर्षी स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने तिथल्या मंडळींसमोर अल्टेअर हा संगणक मांडला. कळफलक नाही, पडदा नाही. पुढच्या बाजूचे खटके एकेक वरखाली करून आज्ञा भरायच्या. लांबून वायर ओढून वीज आणली होती. कुणाचा तरी वायरीला पाय लागला, वीज गेली आणि भरलेले सगळे पुसले गेले. त्याने पुन्हा पहिल्यापासून खटके दाबले. मग संगणकाशेजारी ठेवलेल्या साध्या रेडिओतून, संगणकाच्याच खरखरीतून, सूर उमटले. त्या यंत्राला कुठलेही जाळे लागत नव्हते, पण तार होतीच, विजेची. प्रात्यक्षिक कधी निराधार नसते. आधार कशाचा, एवढेच बदलते.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे हौशी सॉफ्टवेअर सुटसुटीत होते. फ्लॉपी नाहीतर सीडी, खिशात घालून कुठेही न्या. फ्रान्समध्ये फाबियां शेरो यांनी २००० साली सुरू केलेले स्टेलॅरियम आजही मूळच्या तारकासूचीसह जाळ्याविना चालते. चित्र पालटले ते २००७-०८ च्या सुमारास. गुगल स्काय आले, मायक्रोसॉफ्टचे वर्ल्डवाइड टेलिस्कोप आले. सगळ्या आकाशाची छायाचित्रे दूरच्या संगणकावर ठेवायची आणि आपण पाहू तेवढाच तुकडा खाली आणायचा.

हे तुकडे कसे असतात ते समजून घेऊ, कारण उपाय त्यातच आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथील खगोलीय विदाकेंद्राने रुळवलेल्या पद्धतीत आकाशाचे आधी १२ भाग करतात. मग प्रत्येक पायरीला एकाचे चार. तिसऱ्या पायरीला ७६८ तुकडे होतात, पाचव्या पायरीला १२,२८८ आणि नवव्या पायरीला ३१,४५,७२८. पहिल्या पायऱ्यांचे आकाश पेनड्राइव्हवर सहज मावते; सगळे कुणाच्याच झोळीत मावत नाही. म्हणजे शिदोरी बांधता येते, कोठार उचलता येत नाही. कुठले नक्षत्र दाखवणार हे आधी ठरवले, तर तेवढ्या भागाचे बारीक तुकडे घरूनच बांधून नेता येतात. आम्ही ते केले नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणायला चिंचेखाली धावलो.

आणि या छंदाचा एक स्वभावच असा की तो जाळ्यापासून दूर पळतो. आकाश पाहायला अंधार हवा, आणि जिथे अंधार तिथे वस्ती विरळ, जिथे वस्ती विरळ तिथे मनोरेही विरळ. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्र जागवते ते अंधारासाठीच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. तेव्हाच्या मंडळींना नकाशा आणि लाल कागद लावलेली विजेरी पुरत असे.

पण शिदोरीलाही शिळेपण असते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. त्याच्या कक्षेचे आकडे जाळ्यावरून घ्यावे लागतात आणि ते थोड्याच दिवसांत जुने होतात, कारण वातावरणाचे घर्षण त्याला खाली ओढते आणि अधूनमधून इंजिने पेटवून ते वर उचलतात. वेळ एक मिनिट चुकली तर स्थानक साडेचारशे किलोमीटर इकडचे तिकडे. तेव्हा आकडे कुठल्या तारखेचे हे सांगितल्याशिवाय ‘आता बघा’ म्हणू नये.

मोठ्या मंडळींनाही हा मोह सुटलेला नाही. पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, ९ जानेवारी २००७. स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला. पुढे २०१३ साली, त्या चमूतल्या अभियंत्याशी बोलून एका पत्रकाराने लिहिले की सभागृहासाठी फिरता मनोरा आणला होता, शिवाय फोनवरच्या रेंजच्या पाच काड्या नेहमीच पूर्ण दिसतील अशी सोय आधीच करून ठेवली होती. तीन वर्षांनी, ७ जून २०१० रोजी, त्याच शहरात पुढचा फोन दाखवताना जाळे कोलमडले. सभागृहात ५७० वायफाय केंद्रे चालू आहेत, असे जॉब्स यांनी सांगितले आणि प्रेक्षकांना आपापली बंद करण्याची विनंती केली. आम्हाला विचाराल तर दुसरा प्रसंग फजितीचा असूनही पहिल्यापेक्षा प्रामाणिक होता. त्या दिवशी लोकांना खरोखर काहीतरी कळले: हजारो माणसे एकाच हवेतून बोलू लागली की काय होते ते.

कुणी म्हणेल, सर, एवढे काय? मुलांना तेजोमेघ दिसला ना? दिसला. पण त्या मुलीने काय पाहिले? तिने पडदा पाहिला, कोपऱ्यातले घड्याळ पाहिले, दोहोंची तुलना केली आणि प्रश्न विचारला. विज्ञान म्हणतात ते हेच. त्या रात्री सभागृहातले एकमेव खरे निरीक्षण तिचे होते, आणि ते आम्ही हसण्यावारी नेले. मुले तेजोमेघ विसरतील. विचारल्यावर मोठी माणसे हसतात, हे विसरणार नाहीत.

आम्ही पुढल्या वर्षी त्याच शाळेत गेलो. या वेळी शिदोरी नीट बांधली होती. पडद्याशेजारी पुठ्ठ्याची पाटी टांगली: एका बाजूला ‘आत्ताचे’, दुसऱ्या बाजूला ‘घरून आणलेले’. जे दाखवू त्याप्रमाणे पाटी उलटायची, आणि ते काम मुलांकडे दिले. राखाडी चौकोन आले तेव्हा ते तसेच राहू दिले आणि विचारले, हे का आले असतील? त्या प्रश्नावर वीस मिनिटे गेली. तार, मनोरा, उपग्रह, समुद्राखालची केबल, सगळे बोलून झाले. ती मुलगी मात्र भेटली नाही. वडिलांची बदली झाली, असे बाईंनी सांगितले. तिला ‘तुझे बरोबर होते’ म्हणायचे राहून गेले.

म्हणून ते इथे म्हणतो. हे व्याख्यान आपण उद्या-परवा वाचाल. म्हणजे आमच्याच पाटीप्रमाणे ते ‘आत्ताचे’ नव्हे. पण ती कुठे हे वाचत असेल तर तिने ओळखावे. आता आपले प्रश्न घेऊ. घड्याळाकडे बघून विचारलेत तरी चालेल.