नवजात बाळाच्या डोळ्यांतील स्राव : साधा कधी, धोक्याचा कधी?

बाळंतीण बाळाला घेऊन घरी येते आणि एक-दोन दिवसांतच सकाळी बाळाच्या पापण्या चिकटलेल्या दिसतात. कोपऱ्यात पिवळसर चिपडे साचलेली असतात. घरातील वडीलधारी मंडळी ‘लहान बाळांचे असे होतेच’ म्हणून धीर देतात. बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरेही ठरते. परंतु ज्या थोड्या बाळांच्या बाबतीत ते खरे नसते, त्यांच्यासाठी एक-दोन दिवसांचा विलंबही आयुष्यभराच्या दृष्टीवर बेतू शकतो. त्यामुळे स्राव दिसताच घरच्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. तो जन्मानंतर कितव्या दिवशी सुरू झाला? डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे की लाल झाला आहे? पापण्या सुजल्या आहेत का?

दिवसाला एवढे महत्त्व का?

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आणि पापण्यांच्या आतील पातळ आवरणाला सूज आली, तर त्यास नवजात नेत्रशोथ म्हणतात. प्रसूतिमार्गातून येताना आईच्या शरीरातील जंतू बाळाच्या डोळ्यांत जाणे, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. प्रत्येक जंतूला रोग निर्माण करण्यास वेगवेगळा काळ लागतो. म्हणून लक्षणे कोणत्या दिवशी सुरू झाली, यावरून डॉक्टरांना कारणाचा प्राथमिक अंदाज बांधता येतो.

जन्मतः डोळ्यांत औषध घातले असेल, तर पहिल्या २४ तासांत थोडी लाली येऊ शकते. ती एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांदरम्यान पापण्या टम्म सुजून भरपूर पू येऊ लागला, तर गोनोऱ्हिया अर्थात परम्याच्या जंतूंची शंका प्रथम घ्यावी लागते. पाचव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान सुरू होणाऱ्या संसर्गात क्लॅमिडिया हा जंतू आढळू शकतो. नागिणीच्या वर्गातील हर्पिस विषाणूचा संसर्ग साधारणपणे पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो आणि त्यात त्वचेवर किंवा पापण्यांवर पाण्याचे बारीक फोड येऊ शकतात. याखेरीज त्वचेवर व परिसरात वावरणारे इतर जीवाणूही केव्हाही डोळ्यांत शिरू शकतात. हे कालखंड एकमेकांत मिसळतात. त्यामुळे अंतिम निदान पुवाची तपासणी करूनच होते.

यांपैकी परम्याचा जंतू सर्वांत घातक असतो. बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, कोठेही इजा झालेली नसतानाही तो त्यात शिरू शकतो. तेथे व्रण होऊन पारपटलाला छिद्र पडले, तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

आपल्याकडे सामान्य प्रसूतीनंतर किमान ४८ तास रुग्णालयात राहावे, अशी शिफारस आहे. याचा अर्थ असा, की धोक्याचा काळ नेमका बाळ घरी पोहोचल्यावर सुरू होतो. डॉक्टर जवळ नसतात आणि डोळ्यांकडे लक्ष ठेवण्याचे काम घरच्यांवर येते.

बंद अश्रुनलिका : सर्वांत सामान्य कारण

डोळ्यांतील पाणी एका बारीक नलिकेतून नाकात उतरते. अनेक बाळांमध्ये जन्माच्या वेळी या नलिकेच्या खालच्या टोकाशी असलेला पातळ पडदा उघडलेला नसतो. पाण्याला वाट न मिळाल्याने डोळा सतत ओलावतो आणि झोपेतून उठल्यावर चिपडे दिसतात. पहिल्या काही दिवसांत बाळाला अश्रू फारसे येत नसल्याने हा त्रास बहुधा काही आठवड्यांत जाणवू लागतो. तो एकाच डोळ्यात असू शकतो किंवा दोन्ही डोळ्यांत.

यात डोळ्याचा पांढरा भाग पांढराच राहतो. पापण्यांना फारशी सूज नसते, बाळ डोळे नीट उघडते आणि दूधही नेहमीप्रमाणे पिते. अशा सुमारे ९० टक्के बाळांची नलिका वर्षभराच्या आत आपोआप उघडते.

डॉक्टरांनी शिकविलेल्या मालिशचा यात उपयोग होतो. नखे कापून, हात धुऊन डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी, नाकाच्या कडेला बोटाचा हलका पण ठाम दाब द्यावा आणि बोट नाकाच्या कडेने खाली सरकवावे. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन ते चार वेळा हे करता येते. वर्षानंतरही डोळा वाहत राहिला, तर नेत्रतज्ज्ञ बारीक सळईने नलिका मोकळी करतात.

डोळ्यांत पाणी येण्याचे प्रत्येक कारण मात्र इतके साधे नसते. उजेडात बाळ डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ धुरकट किंवा नेहमीपेक्षा मोठे दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर गाठ दिसत असेल, तर अश्रुपिशवी फुगल्याची शक्यता असते. तिच्यात संसर्ग होऊ शकतो आणि नाकात अडथळा येऊन बाळाला श्वासाचाही त्रास होऊ शकतो. या दोन्ही स्थितींत मालिश करीत वाट पाहू नये. नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

थेंब घालून भागत नाही

परम्याच्या जंतूंमुळे झालेल्या संसर्गात बाळाला रुग्णालयात ठेवून प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे लागते आणि डोळे वारंवार सलाईनने धुवावे लागतात. क्लॅमिडियासाठी पोटातून औषध द्यावे लागते, कारण हा जंतू केवळ डोळ्यांत थांबत नाही. पुढील काही आठवड्यांत त्यामुळे न्यूमोनियाही होऊ शकतो. हर्पिसचा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि त्यावर शिरेतून औषध देणे आवश्यक असते. या तिन्हींत केवळ डोळ्यांत थेंब घातल्याने वरवर आराम पडला, तरी मूळ रोग आत राहू शकतो.

परमा किंवा क्लॅमिडियाचे निदान झाल्यास आई आणि तिचा पती या दोघांनाही उपचार घ्यावे लागतात. अनेक घरांत याच टप्प्यावर बोट आईकडे वळते. पुष्कळ स्त्रियांमध्ये या रोगांची कोणतीही लक्षणे नसतात आणि आपल्याला संसर्ग आहे, हे त्यांना ठाऊकही नसते. दोष देण्याने बाळाचा डोळा बरा होत नाही. लाजेपोटी पतीने उपचार टाळले, तर आईला पुन्हा संसर्ग होतो आणि पुढच्या बाळालाही तोच धोका राहतो.

डोळे पुसण्याची योग्य रीत

पाणी उकळून गार करावे. साबणाने हात धुवावेत. कापसाचा स्वच्छ बोळा पाण्यात भिजवून पिळावा आणि डोळा नाकाकडून कानाकडे एकदाच पुसून बोळा टाकून द्यावा. पुन्हा पुसायचे असल्यास नवा बोळा घ्यावा. दोन्ही डोळ्यांसाठी बोळे वेगळे ठेवावेत. वाळलेली चिपडे ओढून काढू नयेत. ओला बोळा क्षणभर ठेवल्यावर ती सुटतात. शेवटी पुन्हा हात धुवावेत.

काजळ डोळ्यांत घालू नये. अनेक घरांत पाचवीला, तर उत्तर भारतात छठीला आत्याने बाळाला काजळ घालण्याची रीत आहे. हा दिवस नेमका संसर्गाच्या धोक्याच्या काळात येतो. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. उलट बोटावरचे जंतू आत जातात. काही काजळांत व सुरम्यांत शिसेही आढळले आहे. पूजा आणि ओवाळणी काजळावाचूनही पूर्ण होते. आईचे दूध हा बाळाचा सर्वोत्तम आहार आहे. परंतु पू येणाऱ्या डोळ्यावरचे ते औषध नव्हे. घरात उरलेले थेंब, विशेषतः स्टेरॉइड असलेले, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत.

एका थेंबाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात युरोपात हा रोग बालकांच्या अंधत्वाचे मोठे कारण होता. जर्मनीतील लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी जन्मतःच बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास सुरुवात केली आणि १८८१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्णालयात रोगाचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आले. पुढे त्या थेंबाची जागा प्रतिजैविकांच्या मलमांनी घेतली. जागतिक आरोग्य संघटना सर्व नवजात बाळांच्या डोळ्यांत जन्मतः प्रतिबंधक औषध घालण्याची शिफारस करते. काही देशांनी मात्र गर्भवतींची तपासणी आणि उपचार यांवर भर दिला आहे. गरोदरपणात अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगणे म्हणजे बाळाच्या डोळ्यांचेही रक्षण करणे होय.

मदत कोठे मिळते?

२०११ पासून राबविल्या जाणाऱ्या गृहाधारित नवजात बालक सेवेत आशा कार्यकर्त्या घरी येऊन बाळाची तपासणी करतात. रुग्णालयात प्रसूती झाल्यास त्यांच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन जी पद्धत उभी केली, तिचा या सेवेवर मोठा प्रभाव आहे. तिसऱ्या आणि सातव्या दिवसांच्या भेटी धोक्याच्या काळातच येतात. त्या वेळी बाळ झोपले असले, तरी त्याचे डोळे आशाताईंना आवर्जून दाखवावेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात आणि तेथे नेण्यासाठी वाहनही मिळते.

पहिल्या महिन्यात डोळा लाल झाला, पापण्या सुजल्या, पुसल्यावर पुन्हा लगेच पू आला, बुबुळ धुरकट दिसले किंवा बाळाला डोळा उघडता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सोबत ताप असेल, अंग गार पडले असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल झाले असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. पांढऱ्या डोळ्यातील चिपडांना काही महिने थांबायला हरकत नाही. लाल, सुजलेल्या डोळ्याने मात्र सकाळची वाट पाहू नये.